प्रिन्सेस डायना म्हटलं तर तुझं काय जातं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, नाहीतर हा विषय मी आपणहून काढायचा नाही असं आमच्या घरात ठरलेलं आहे. नवऱ्याने विचारून झालं, नणंदेने विचारलं, आणि शाळेच्या ग्रुपवर तर ऑगस्टअखेर, तिच्या पुण्यतिथीला, डायनाचा फोटो पडला की कुणीतरी मुद्दाम 'आमची लाडकी प्रिन्सेस डायना' लिहून मला टॅग करतं, मग खाली हसऱ्या इमोजींची रांग. कारण त्या नावाला मी चूक म्हणून टोकते. प्रश्न एकच, की बाई गं, ती प्रिन्सेस डायना असो नाहीतर आणखी काही, तुझं काय जातं? तू काय बकिंगहॅम पॅलेसची सून आहेस?

माझं काही जात नाही. पण एकदाचं सांगून टाकते. अधिकृतपणे ती प्रिन्सेस डायना कधीच नव्हती. ब्रिटनमध्ये प्रिन्सेस आणि पुढे स्वतःचं नाव हा मान सहसा त्या घराण्यात जन्मलेल्या मुलींचा, जशी प्रिन्सेस अ‍ॅन. लग्न करून आलेली बाई नवऱ्याच्या किताबावर चालते. डायनाचे वडील अर्ल, म्हणजे वरच्या पायरीचे उमराव, म्हणून ती लेडी डायना स्पेन्सर होती, २९ जुलै १९८१ ला चार्ल्सशी, म्हणजे तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सशी, लग्न झालं आणि ती झाली 'हर रॉयल हायनेस द प्रिन्सेस ऑफ वेल्स'. यात डायना कुठेच नाही बघा. तिचं नाव तिला परत मिळालं ते घटस्फोट झाल्यावर, ऑगस्ट १९९६ मध्ये, 'डायना, प्रिन्सेस ऑफ वेल्स' असं, मध्ये स्वल्पविराम टाकून, आणि 'हर रॉयल हायनेस' तेवढं काढून घेतलं. लंडनच्या हाइड पार्कमध्ये तिच्या स्मरणार्थ कारंजं आहे, २००४ मध्ये सुरू झालं, त्याच्या नावातसुद्धा तो स्वल्पविराम आहे. तरी पटत नसेल तर प्रिन्सेस मायकल ऑफ केंट बघा. बाईचं नाव मारी क्रिस्टीन, मायकल हा नवरा. भरल्या समारंभात बाईला मायकल म्हणून पुकारतात आणि कुणाला हसू येत नाही.

यावर लगेच दुसरा वार येतो, की गोरे गेले कधीचे आणि ही अजून त्यांचे किताब कुरवाळत बसलीये. हे मात्र मला लागतं. मला त्या घराण्याचं काडीचंही प्रेम नाही, त्यांची लग्नं मी बघत नाही, टोप्या तर अजिबात नाही. पण प्रिन्सेस डायना म्हटलं की असं वाटतं ते पद तिचं स्वतःचं होतं. नव्हतं ना! सासरचं होतं, नवऱ्यामार्फत आलेलं, आणि लग्न मोडल्यावर त्यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं ते सासूबाईंच्या फर्मानाने ठरलं. वॉलिस सिम्प्सनला तर 'हर रॉयल हायनेस' मुळात दिलंच नाही. जिच्यासाठी राजाने १९३६ मध्ये गादी सोडली तिला १९३७ च्या आदेशात स्पष्ट नाकारलं, नवरा हिज रॉयल हायनेस आणि बायको नुसती डचेस. लाडाचं नाव घेतलं की हा सगळा हिशेब झाकला जातो, खरं नाव घेतलं की दिसतो. मग गुलामी कुणाची चाललीये, माझी की तुमची?

हं, आवाज चढला. असू दे.

'इंग्लंडची राणी' यावर मी हल्ली तोंड उघडत नाही. १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड एक झाले, त्यानंतर इंग्लंडचं वेगळं सिंहासन उरलेलं नाही, पण तिथलेच लोक तसं म्हणतात तर मी कुठे कुठे पुरी पडू. स्कॉटलंडवाले बरे, त्यांच्याकडे पहिली एलिझाबेथ झालीच नव्हती, तर 'दुसरी एलिझाबेथ' असं चिन्ह असलेली एडिनबरामधली टपालपेटी १९५३ मध्ये चक्क स्फोटाने उडवली. माझ्याहून चिडकी माणसं जगात आहेत एवढंच समाधान.

पण तुम्हाला खरं ऐकायचंय ते त्या प्रश्नमंजुषेचं, माहितीये मला, कारण अर्धवट सगळ्यांनी ऐकलंय.

राणी सप्टेंबर २०२२ मध्ये गेली, त्यानंतरच्या थंडीत एका शाळेत आंतरशालेय स्पर्धा होती, प्रश्न काढणारी मीच आणि विचारणारीही मीच. शेवटची फेरी चूक की बरोबर, उत्तर चुकलं तर गुण वजा. मुलांनी राजघराण्याचं पाठ केलेलं असणार हे धरून मी एक विधान टाकलं होतं, '१९४७ मध्ये एलिझाबेथशी लग्न झालं तेव्हा फिलिप यांना ब्रिटनचे प्रिन्स करण्यात आलं.' पहिल्या नंबरावर असलेल्या टीममधल्या एका मुलीने बझर दाबला, घट्ट दोन वेण्या, स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या, आणि जवळजवळ ओरडलीच, बरोबर! मी म्हटलं, चूक.

कारण ते चूकच आहे. फिलिप जन्माने ग्रीस आणि डेन्मार्कचा प्रिन्स, लग्नाआधी ते सगळं सोडून तो नुसता लेफ्टनंट फिलिप माउंटबॅटन झाला, लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी त्याला ड्यूक ऑफ एडिनबरा केलं, हिज रॉयल हायनेस केलं, प्रिन्स नाही केलं. ते केलं राणीने, २२ फेब्रुवारी १९५७ ला. म्हणजे मधली सव्वानऊ वर्षं, त्यातली पाच तर राणीचा नवरा असताना, तो ब्रिटनचा प्रिन्स नव्हता. हे मी माइकवरून नीट सांगितलं. मला वाटलं लोक म्हणतील वा, काय माहिती आहे. हॉलमध्ये गलका झाला.

त्या मुलीच्या बाई उभ्या राहिल्या. "मॅडम, १९५३ च्या राज्याभिषेकाला तो कोण होता मग?"

"ड्यूक होता."

"सगळं जग प्रिन्स फिलिप म्हणत होतं त्याला."

"जग म्हणत होतं. होता असं नाही."

हे वाक्य मला तेव्हा फार भारी वाटलं होतं. मग आयोजक स्टेजवर आले, कानात कुजबुज, मी पर्समधून प्रिंटआउट काढली, ती कुणी हातात घेतली नाही, आणि माइकवरून जाहीर झालं की सदर प्रश्न वादग्रस्त असल्याने बाद करण्यात येत आहे. तोपर्यंत दुसऱ्या शाळेची मुलं जिंकलो म्हणून नाचून मोकळी झाली होती, ती आता रडायला लागली. आधी एका बाजूची रडली, मग दुसऱ्या बाजूची, आणि मधोमध मी, हातात बरोबर उत्तर घेऊन. पालक माझ्याकडे असे बघत होते की मी मुलांच्या डब्यात काहीतरी कालवलंय.

नंतर बाहेर पाण्याच्या नळापाशी ती मुलगी आली. चिडलेली नव्हती, तिला खरंच विचारायचं होतं.

"मॅडम, १९५६ मध्ये मी त्याला ब्रिटनचा प्रिन्स म्हटलं असतं तर चूक?"

"हो."

"आणि १९५८ मध्ये?"

"बरोबर."

"माणूस तोच ना पण? आणि लोक आधीपासून तेच म्हणत होते."

मी म्हटलं, अगं, मधे आदेश निघाला.

"म्हणजे लोकांचं बरोबर होतं, राणीलाच उशीर झाला," असं म्हणून ती बाटली भरून गेली. पुढच्या वर्षी त्या शाळेने मला बोलावलं नाही.

या वाक्याला मी तेव्हापासून उत्तरं तयार करतेय, भांडी घासताना, सिग्नलला. एक उत्तर असं की आदेश निघेपर्यंत कुणी काही म्हणो, अधिकृत यादीत तो नव्हता, आणि प्रश्न यादीबद्दल होता. ठीक आहे हे. आजही मी तो प्रश्न चूकच धरीन, लिहून ठेवा. पण मग कॅमिला आठवते आणि माझं मलाच पुरे होतं. ९ एप्रिल २००५ ला तिचं चार्ल्सशी लग्न झालं त्या क्षणी ती नियमाने प्रिन्सेस ऑफ वेल्स झाली. तरी तिने सतरा वर्षं डचेस ऑफ कॉर्नवॉल हेच लावलं, कारण लोकांच्या मनात ते नाव डायनाचं होतं. तेव्हा राजवाडा म्हणाला होता की चार्ल्स राजा झाला तरी तिला राणी नाही, प्रिन्सेस कॉन्सॉर्ट म्हणायचं. २०२२ मध्ये राणी म्हणाली क्वीन कॉन्सॉर्ट, म्हणजे राजाची पत्नी म्हणून राणी, म्हणा. ६ मे २०२३ च्या राज्याभिषेकाची पत्रिका आली तर त्यावर सरळ क्वीन कॅमिला. आता यात अधिकृत कुठलं आणि बाहेरचं कुठलं? ज्या लोकांना मी चुकीचं म्हणतात म्हणून टोकते, त्यांच्याच धाकाने राजवाड्याने खरा किताब कपाटात ठेवला होता. पंचविशीतल्या मला हे कुणी सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, ठेवला असेल, पण किताब होताच ना तिच्याकडे. ती तशीच होती, आणि तिचंही चूक नाही हो.

हल्ली मी बोलण्यातलं सोडून देते. प्रिन्सेस डायना म्हणा, विल्यमच्या बायकोला, केटला, प्रिन्सेस केट म्हणा, मी चहा पीत राहीन. छापलेलं असेल तर मात्र पेन्सिल निघते.

अपवाद एक, आणि तो मी तेराव्यालासुद्धा सोडणार नाही. 'लेडी एडविना', म्हणजे शेवटच्या व्हाइसरॉयची, माउंटबॅटनची बायको. आपल्याकडे फाळणीवर कुणी दोन ओळी लिहिल्या की त्यात ही असतेच. लेडी आणि पुढे स्वतःचं नाव यायला बाप निदान अर्ल लागतो, जसा डायनाचा होता. एडविनाचा बाप बॅरन, म्हणजे त्याहून खालच्या पायरीचा, आणि तोही १९३२ मध्ये झालेला, पोरीच्या लग्नाला नऊ वर्षं उलटून गेल्यावर. १९२२ च्या लग्नानंतर ती लेडी लुई माउंटबॅटन, परत नवऱ्याचंच नाव, आणि १९४७ मध्ये दिल्लीत उतरली तेव्हा व्हायकाउंटेस, नवरा व्हायकाउंट म्हणून, म्हणजे बोलताना लेडी माउंटबॅटन. इथे मला लोकांच्या प्रेमाची सबब सांगू नका, इथे कुणाचं प्रेमबिम नाही, एकाने लिहिलं म्हणून दुसरा लिहितोय. नणंद हे वाचतेय आणि विचारतेय की मग नुसतं एडविना म्हटलं तर चालेल का.

चालेल की.