डक्सफर्डचा एअर शो आणि उलटलेलं मेसरश्मिट

इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या दक्षिणेला, एम-११ महामार्गाला खेटून डक्सफर्डच्या विमान संग्रहालयाची धावपट्टी आहे. ‘खेटून’ म्हणजे किती, ते नकाशात कळत नाही. म्हणून आत शिरल्यावर आधी पूर्वेचं टोक बघा, मग हँगरकडे वळा.

१२ ऑक्टोबर १९९७ रोजी याच बाजूला ‘ब्लॅक सिक्स’ उलटलं. हे दुसऱ्या महायुद्धातलं, १९४२ सालचं जर्मन लढाऊ विमान, मेसरश्मिट १०९. त्याच वर्षी ते लिबियात ऑस्ट्रेलियन तुकडीच्या हाती लागलं. पुढे हौशी मंडळींनी एकोणीस वर्षं खपून ते दुरुस्त केलं आणि १९९१ मध्ये पुन्हा उडवलं. त्या दिवशीच्या एअर शोनंतर ते कायमचं संग्रहालयात जायचं होतं. नेमकं तेव्हाच इंजिन कुरकुरलं. ब्रिटिश हवाई दलातले ज्येष्ठ अधिकारी सर जॉन अ‍ॅलिसन विमान घाईने उतरवायला आले, पण उंची आणि वेग दोन्ही जास्त. धावपट्टी संपली. समोर वाहता महामार्ग! विमान कसंबसं त्यावरून पलीकडे गेलं, शेतात टेकलं आणि पालथं झालं. वैमानिक वाचले, हेच नशीब.

एवढ्या दुर्मीळ यंत्रांना उडवावं का, हा वाद तेव्हापासून आणखी पेटला. मी उडवणाऱ्यांच्या बाजूचा. स्पिटफायर हे त्याच काळातलं ब्रिटिश लढाऊ विमान डोक्यावरून गेलं की छातीत जे धडधडतं, ते काचेआडून मिळत नाही.

शोला जायचं तर तिकीट आधीच ऑनलाइन काढा. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून व्हिटल्सफर्ड पार्कवेला रेल्वेगाडी मिळते. तिथून पुढे टॅक्सी बरी. मोकळं माळरान आहे, वारा झोंबतो, जाकीट हवंच. पोरांच्या कानांना इअर डिफेंडर लावा. घडीची खुर्ची आणि दशम्या-चटणी सोबत असली की खाण्याच्या रांगेत उड्डाणं हुकत नाहीत. मैलभर पसारा आहे, अमेरिकन विमानांचा हॉल पार पश्चिमेला. तो सकाळीच उरका.

‘ब्लॅक सिक्स’ मात्र इथे नाही. अपघातानंतर ते पुन्हा दुरुस्त झालं, पण उडालं नाही. आता वुल्व्हरहॅम्प्टनजवळ कॉसफर्डच्या हवाई दल संग्रहालयात आहे. तिथे वाकून चाकं बघा: अगदी जवळजवळ, बाहेरच्या बाजूला फाकलेली. जमिनीवर हे विमान इतकं अवघड का, ते लगेच उमगतं. कॉकपिटचं झाकण बाजूला उघडतं. पालथं पडल्यावर आतून काय उघडणार! प्रवेश फुकट, पार्किंगला पैसे. कॉसफर्ड स्टेशनवरून चालत जाता येतं, पण निघण्यापूर्वी विमान जागेवर आहे ना, ते संकेतस्थळावर बघून घ्या.