बफर किती मोठा ठेवायचा?

टीममध्ये नवीन आलेली मुलं कोड रिव्ह्यूच्या वेळी हमखास विचारतात, "मॅडम, बफर १०२४ चा ठेवू की ४०९६ चा?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते. बफर म्हणजे आलेले संदेश त्यांची पाळी येईपर्यंत ठेवायची मेमरीतली मर्यादित जागा. मी आधी उलट विचारते: तो भरला तर काय होणार, आणि किती वेळा भरलेला चालेल? याचं उत्तर मिळालं की आकार हिशोबाने काढता येतो.

समजा, सेकंदाला सरासरी ९०० संदेश येतात आणि प्रोग्राम १००० हातावेगळे करू शकतो. संदेश कधीही येतात, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, आणि प्रत्येकाला लागणारा वेळ घातांकी वितरणाने बदलतो, म्हणजे बहुतेक पटकन होतात आणि थोडे बराच वेळ घेतात. जागेची मर्यादाच नसेल, तर काम चालू असलेला धरून सरासरी ९ संदेश आत असतात. मग २० जागा भरपूर झाल्या, असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात २० जागांवर सेकंदाला सुमारे १२ संदेश गळतात, म्हणजे जागा नाही म्हणून नाकारले जातात! सरासरी आपल्याला नेहमीचा दिवस दाखवते, बफर मात्र भरतो तो क्वचित येणाऱ्या गर्दीत.

आता जागा वाढवा. ४४ केल्या की गळती हजारात एकाच्या खाली येते. ११० केल्या की दहा लाखांत एकाच्या खाली, म्हणजे साधारण २० मिनिटांत एक संदेश. मेमरी अडीचपट लागली आणि गळती हजारपटीने घटली, कारण प्रत्येक नव्या जागेमागे गळती आधीच्या जवळपास नऊ-दशांश होत जाते. हे गणित मला मनापासून आवडतं ते यासाठीच.

पण याची दुसरी बाजूही बघा. त्याच ११० जागा ठेवून संदेश ९०० चे ९५० होऊ द्या. आता दर सहा सेकंदांना एक गळतो. २० मिनिटांवरून सहा सेकंद! म्हणून बफरला हात लावण्याआधी मी भार बघते. येणारे संदेश क्षमतेच्या वर गेले की कितीही मोठा बफर भरणारच, फक्त थोडा उशिरा.

या विचाराची मुळं टेलिफोनच्या काळातली. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एरलांगने १९१७ साली सूत्र मांडलं, ते किती लाइन ठेवल्या तर किती कॉल नाकारावे लागतील याचं. मात्र त्या मांडणीत कॉल एकमेकांपासून स्वतंत्र धरलेले आहेत. संगणकांची रहदारी तशी शिस्तीत वागत नाही. बेलकोर या अमेरिकेतल्या टेलिफोन-संशोधन कंपनीच्या संशोधकांनी इथरनेटवरची, म्हणजे संगणक जोडणाऱ्या स्थानिक नेटवर्कवरची रहदारी मोजली, तेव्हा ती लाटांनी येते आणि सेकंदांत मोजा की मिनिटांत, लाटा सपाट होत नाहीत, असं दिसलं. त्यामुळे सूत्रातून आलेला आकडा ही सुरुवात समजा आणि स्वतःच्या सिस्टिमवर मोजून बघा.

"मग सरळ एक लाख जागा ठेवू?" ठेवू नका. वरच्या उदाहरणात ११० जागा भरल्या की शेवटचा संदेश सुमारे ०.११ सेकंद थांबतो. लाख जागा भरल्या तर १०० सेकंद. तोवर पाठवणारा कंटाळून तोच संदेश पुन्हा पाठवतो आणि गर्दीत भर पडते.

आणि एका बाबतीत मी अजिबात ऐकून घेत नाही. संभाव्यता वापरायची ती जिथे भरल्यावर संदेश नाकारता येतो तिथेच. "इतकं लांब नाव कोण टाकणार" म्हणत लांबी न तपासता मेमरीत लिहायचं, याला संभाव्यतेचा आधार नाही. १९८८ च्या मॉरिस वर्मने, म्हणजे इंटरनेटवर आपोआप पसरणाऱ्या एका प्रोग्रामने, फिंगर सर्व्हरच्या (संगणकाच्या वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या प्रोग्रामच्या) ५१२ बाइटच्या बफरमध्ये मुद्दाम त्याहून जास्त मजकूर घुसवला होता. मुद्दाम केलेल्या गोष्टीला योगायोगाचे नियम लागू होत नाहीत. तिथे सीमा तपासायची, प्रत्येक वेळी.

बाकी ठिकाणी दोन काउंटर टाका: बफर जास्तीत जास्त किती भरला, आणि किती संदेश नाकारले. पुढच्या रिव्ह्यूला हे आकडे घेऊन या, मग १०२४ की ४०९६ ते सोबत बसून ठरवू.