आधी पांढरं घालवा

सुवर्णमहोत्सवानिमित्त सभागृहात लावायला साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याचं तैलचित्र करून द्या, असा आपल्या शाळेचा निरोप आला. पाठोपाठ प्रश्न, ‘किती दिवसांत होईल?’ रंगवायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो त्याच्या आधी आणि नंतर. हे मला आपल्या चित्रकलेच्या सरांमुळे ठाऊक.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोस्टर कलर पुरायचे. सर मात्र शाळा सुटल्यावर आम्हा तिघाचौघांना लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणायला बसवत. बारीक खिळे आधी चारही बाजूंच्या मध्यावर, मग कोपऱ्यांकडे सरकत जायचं, नाहीतर चुण्या पडतात. टिचकी मारली की डग्ग्यासारखं घुमलं पाहिजे. मग सरसाचा, म्हणजे गोंदासारख्या चिकट पदार्थाचा, हात, कारण तेल थेट कापडात मुरलं तर कापड कालांतराने ठिसूळ होतं. वर खडूची पूड आणि सरस यांचं अस्तर, वाळलं की पॉलिशपेपर, पुन्हा अस्तर. आता तरी रंग, असं वाटायचं, तोच सर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला मातकट रंग फडक्यानं सगळीकडे फासत. “आधी पांढरं घालवा. पांढऱ्यावर कुठलाही रंग गडदच दिसतो, तुम्ही फसता.”

सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या सहलीत हेच. तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभारलेल्या संग्रहालयात आम्ही रविवर्म्याच्या चित्रांतले दागिने न्याहाळत होतो, तर सर म्हणाले, “उजेडातलं कुणीही बघेल. सावल्या बघा.”

या चित्रात तेच केलं. कोळशानं डोंगराची कड, मग डोळे किलकिले करून नुसते उजेड-अंधाराचे मोठे तुकडे. खालचे थर टर्पेंटाइनचे, वर चढत जाल तसं जवसाचं तेल वाढवायचं. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सावकाश घट्ट होतं. तेलकट थरावर कमी तेलाचा थर चढवला तर वरचा आधी वाळतो आणि पुढे तडकतो. किल्ल्यावरचा टीव्हीचा मनोरा गाळा, अशी एक सूचना आली होती. मी ठेवला. पीटीच्या तासाला आम्हाला तो दिसायचाच की!

वार्निश एवढ्यात लावता येणार नाही, रंग आतून वाळायला सहा महिने तरी हवेत. तेव्हा मीच येऊन लावीन. तोवर कुणी चित्र ओल्या फडक्यानं पुसू नये, एवढं शिपाईमामांना सांगून ठेवा.