टिळकवाडीत कॅरो-कान

आज बेळगावात भाचीचा बुद्धिबळाचा डाव डोळे भरून पाहिला. ती काळ्या मोहऱ्यांनी खेळत होती. समोरच्याने प्यादं ई४ घरात सरकवलं, हिने सी६ घरात. कॅरो-कान! होराशियो कॅरो आणि मार्कस कान यांनी १८८६ मध्ये विश्लेषण करून मांडलेला बचाव, म्हणजे काळ्याने डाव सुरू करायची एक पद्धत, माझी फार आवडती. त्याने प्यादं ई५ वर रेटल्यावर हिने आधी उंट एफ५ वर काढला, मगच ई६. फ्रेंच बचाव नावाच्या दुसऱ्या सुरुवातीत हाच उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडून बसतो. खानापूरहून पहाटेची बस धरून आलेली पोर, पण मोहरं उचलताना बोट जराही थरथरलं नाही.

शेवट बरोबरीत. मग दोघं पट परत मांडून बसली, तो कन्नडातून, ही मराठीतून. सी५ वर प्यादं आधी ढकलायला हवं होतं म्हणते. मलाही पटतंय.