रदरग्लेनची मस्कॅट: पास घेऊ नका, टॉर्च घ्या

आधी हिशेब सांगतो, बाकीचं मागाहून. ऑस्ट्रेलियातल्या रदरग्लेन गावी वाईनच्या उत्सवात "रेअर" मस्कॅट या गोड वाईनच्या १५ मिलीच्या एका घोटाला २४ डॉलर. ३७५ मिलीच्या बाटलीत असे २५ घोट बसतात, म्हणजे घोटाच्या भावानं बाटली पडली ६०० डॉलरला. तीच बाटली त्याच मांडवात आमच्या पाठीमागच्या फळीवर १३० डॉलरची चिठ्ठी लावून उभी होती. ती दिसली तेव्हा माझा तिसरा घोट पोटात गेलेला होता. दाजींनी शांतपणे विचारलं, "पाव्हणं, मग आपण बाटलीच का नाही घेतली?"

याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

रदरग्लेन हे व्हिक्टोरियाच्या ईशान्य कोपऱ्यातलं गाव. मेलबर्नहून ह्यूम फ्रीवेनं तीन तास, चहाला थांबलात तर साडेतीन. पलीकडे मरे नदी, ती ओलांडली की न्यू साउथ वेल्स. एकेकाळी इथे सोनं निघायचं, आता जुनी गोड मस्कॅट निघते. ताई आणि दाजी तासगावहून दोन महिने आमच्याकडे आलेले. दाजींचा बेदाण्याचा धंदा, तेव्हा त्यांना ऑपेरा हाऊस दाखवण्यापेक्षा द्राक्षं दाखवावीत असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात जूनच्या लांब सुट्टीत तिथल्या एका छोट्या वायनरीत उत्सव असल्याचं कळलं. जाहिरातीत तीन गोष्टी होत्या: "रेअर" मस्कॅट चाखा, शेजारच्या वायनऱ्या दहा मिनिटांवर, आणि दिवसभर बस. एकही खोटी नव्हती, पण एकीचाही अर्थ आम्हाला वाटला तो नव्हता.

पहिली गोष्ट. "रेअर" म्हणजे दुर्मिळ असं धरून चालू नका. ती प्रतवारी आहे. रदरग्लेनवाल्यांनी मस्कॅटचे चार दर्जे ठरवलेत: सर्वात खाली नुसती "रदरग्लेन मस्कॅट", सरासरी ३ ते ५ वर्षांची. मग "क्लासिक", ६ ते १०. मग "ग्रँड", ११ ते १९. आणि शेवटी "रेअर", २० वर्षांच्या पुढची. हे वय बाटलीवरच्या एखाद्या सालाचं नव्हे. कितीतरी पिंपांतली, कितीतरी हंगामांची वाईन एकत्र करून जुळवलेलं ते मिश्रण असतं. त्यात आजोबांनी भरलेल्या पिंपातले थेंबही असू शकतात. त्यामुळे "ही कोणत्या सालची?" हा प्रश्न विचारू नका. मी विचारला, आणि काउंटरवरच्या पोरानं माझ्याकडे फार मायेनं पाहिलं.

माणशी ६० डॉलरच्या पासात काचेचा एक पेला आणि पहिल्या दोन दर्जांची चव एवढंच होतं. ग्रँड आणि रेअरला वेगळी टोकनं. एक टोकन ८ डॉलर, रेअरला तीन टोकनं. हे सगळं पासाच्या मागच्या बाजूला छापलेलं होतं, म्हणजे चूक माझीच. पण मांडवात शंभरेक माणसं, पुढ्यात रांग, ओतणारा घाईत, पेल्यात तळ ओला होईल एवढी वाईन, आणि ती नीट हुंगायच्या आत मागून कुणाचा तरी कोपर. २४ डॉलरमध्ये कोपर फुकट.

वाईनबद्दल मात्र एक शब्द वाकडा बोलणार नाही. मस्कॅटची तांबूस-तपकिरी द्राक्षं वेलीवरच सुरकुतेपर्यंत ठेवतात, मग तोडतात. रस आंबायला लागतो न लागतो तोच त्यात स्पिरिट घालून आंबणं थांबवतात, त्यामुळे साखर तशीच राहते आणि अल्कोहोल १८ टक्क्यांच्या आसपास जातं. पुढे जुन्या लाकडी पिंपांत, पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हाळ्याच्या काहिलीत वर्षानुवर्षं. दरवर्षी थोडं पाणी लाकडातून उडून जातं आणि उरलेलं दाट होत जातं. दाजींनी हे ऐकलं आणि पहिला प्रश्न केला, "वेलीवर वाळवतात? आणि पाऊस पडला की?" त्यांच्याकडे द्राक्षं तोडून, डिपिंग ऑइलमध्ये बुडवून, शेडमधल्या जाळ्यांवर टाकतात, बारा-पंधरा दिवसांत चार किलोचा किलोभर बेदाणा. अवकाळी आला तरी वर छप्पर असतं. ओतणारा पोरगा म्हणाला, पाऊस पडला की आम्ही देव आठवतो. त्या दोघांचं तिथेच जमलं.

खालच्या दर्जाची मस्कॅट म्हणजे सरळ गुलकंद. गुलाब, ताजा मनुका, गोड. क्लासिकमध्ये गुलाब मागे सरतो, अंजीर पुढे येतं. ग्रँडमध्ये जळकी साखर, कॉफी. आणि रेअर: पेला कलता केलात तर कडेला शेवाळी हिरवी झाक दिसते, पेल्याच्या भिंतीवरून काकवीसारखी ओघळते. चवीला काळा मनुका, अक्रोड, सुंठ, आणि शेवटी एक खवटपणा. जुन्या अक्रोडाचा असतो तसा, पण हवाहवासा. गिळल्यावर दोन मिनिटं तोंडातून जात नाही. दाजी बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "ही दारू न्हाई, बेदाण्याची काकवी हाय." आमच्या गोव्याच्या सहलींतलं गोड लाल पोर्ट आठवून मी हसलो. नातं तेच, पण दूरचं.

"टोपेक" असं लेबल दिसलं तर सोडू नका. मस्कॅडेल द्राक्षाची ही वाईन पूर्वी "टोके" नावानं विकायचे. २०१० पासून लागू झालेल्या युरोपीय करारामुळे हंगेरीवाल्यांचं नाव सोडावं लागलं. त्याच कारणानं इथल्या बाटल्यांवर "पोर्ट" किंवा "शेरी" शोधू नका, "टॉनी" आणि "अपेरा" शोधा. टोपेकला कोऱ्या गार चहाचा वास येतो. मला ती मस्कॅटपेक्षा आवडली. दाजींना मुळीच नाही.

आता अंधारात चालाव्या लागलेल्या सहा किलोमीटरांबद्दल.

"शेजारच्या वायनऱ्या दहा मिनिटांवर" ही दहा मिनिटं गाडीची, शंभरच्या वेगानं. तीन वाजता बसनं दुसऱ्या वायनरीत गेलो. बस दर तासाला, शेवटची पाचला असं पत्रक म्हणत होतं. ती साडेचारलाच निघून गेली, गर्दी नव्हती म्हणून. चालकाचं नाव-गाव काही सांगत नाही, त्याला त्याचं माहीत असेल. गाडी आम्ही मुद्दाम मोटेलवर ठेवलेली, दोघांनीही चाखायचं ठरलं होतं म्हणून. टॅक्सीला फोन केला. दीड तास लागेल, बहुधा. "बहुधा" ऐकून दाजी म्हणाले, चला, मोटेलपर्यंत सहा किलोमीटर म्हणजे काय, मी रोज मळ्यावर जातो.

जूनमध्ये तिकडे सव्वापाचला अंधारायला लागतं. रस्त्याला दिवा नाही, पायवाट नाही, डांबराच्या कडेला हातभर खडी आणि त्यापलीकडे चर. दोन्ही बाजूंना पानं झडलेल्या वेली. तापमान चार अंशांवर आलेलं आणि पोटातली मस्कॅट उब देते हा समज तेवढ्यात संपला. समोरून यूट (मागे उघडा हौदा असलेली गाडी) आली की तिचे दिवे डोळ्यांत, आम्ही चरात. दोनदा कांगारू रस्ता ओलांडून गेले, एक दाजींपासून पाच हातांवर. त्यांनी "आयला" म्हटलं ते अजून माझ्या कानात आहे. तिसऱ्या किलोमीटरला मला वाटलं, वेलींमधून आडवं गेलो तर गावचे दिवे अगदी जवळ दिसतायत. कुंपणाशी पोहोचलो तोच एका घरातून माणूस टॉर्च घेऊन बाहेर आला आणि ठाम शब्दांत म्हणाला, रांगांत पाय ठेवायचा नाही.

तो बरोबर होता. कारण फिलॉक्सेरा: माव्याच्या जातकुळीतली, वेलीची मुळं खाणारी कीड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तिनं इथल्या बागा आडव्या केल्या होत्या आणि आजही हा पट्टा बाधित म्हणून नोंदलेला आहे. बुटांच्या मातीतून ती दुसऱ्या बागेत जाते. दाजींनी हे लगेच उचललं. त्यांच्याकडे डॉगरिज नावाच्या वेलीच्या खुंटावर, म्हणजे तिच्या मुळांवर, कलम करतात, पण ते पाण्यासाठी आणि खारट जमिनीसाठी, इथे खुंट लागतो तो या किडीसाठी. दहा मिनिटं काळोखात, चार अंशांत, कुंपणाच्या दोन बाजूंनी त्यांची खुंटांवर चर्चा. मी मध्ये दुभाषा, दात वाजत असताना. शेवटी त्या माणसानंच आम्हाला यूटमधून मोटेलवर सोडलं. रदरग्लेनहून थेट मेलबर्नजवळच्या यारा व्हॅलीच्या द्राक्षबागांकडे जाणार असाल तर बूट धुऊन, वाळवून जा. हे गमतीत घेऊ नका.

दुसरा दिवस छान गेला. बीचवर्थ, ग्लेनरोवनचा नेड केली (इथला जुना नामांकित दरोडेखोर), बाटलीसारखी सजवलेली गावची जुनी पाण्याची टाकी. पुढे.

मंगळवारी सकाळी परतीच्या वाटेवर, पाय दुखत असताना, उत्सवाशी संबंध नसलेल्या एका जुन्या वायनरीत सहज शिरलो. मातीची जमीन, पत्र्याचं छप्पर, गिऱ्हाईक फक्त आम्हीच. काउंटरवरच्या बाईंनी चारही दर्जे ओळीनं ओतले, माणशी १० डॉलर, बाटली घेतली तर तेही परत. पाऊण तास बोलत होत्या. शनिवारी १२० डॉलर आणि सहा किलोमीटर घालवून जे कळलं नव्हतं, ते तिथे पाऊण तासात कळलं. म्हणून माझा सल्ला एवढाच: रेअरसाठी उत्सवात जाऊ नका. उत्सव बँडसाठी, मित्रांसाठी, पावभाजीच्या भावाच्या चीझ-ताटल्यांसाठी असतो. रेअर मंगळवारी.

जाणारच असाल तर: पास घेण्याआधी त्याची मागची बाजू वाचा. शेवटची बस कधी हे पत्रकाला नाही, चालकाला विचारा, आणि त्याच्या उत्तरातून अर्धा तास वजा करा. कपाळावर बांधायचा टॉर्च आणि लोकरी टोपी बॅगेत हवीच. गाडी चालवणाऱ्यानं थुंकायचं, त्यासाठी काउंटरवर बादली असते, लाजू नका. या वाईनचे १५ मिलीचे पाच घोट म्हणजे जवळजवळ एक स्टँडर्ड ड्रिंक (ऑस्ट्रेलियाच्या मापानं १० ग्रॅम अल्कोहोल), गोडीमुळे ते कळत नाही, आणि व्हिक्टोरियात गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्के आहे. पी-प्लेट (नवख्या चालकाची पाटी) असेल तर शून्य. मधुमेह असेल तर ग्रँड-रेअरमध्ये लिटरला २७० ते ४०० ग्रॅम साखर असते, हे आधी ऐका मग ठरवा. सोबत खारे बदाम किंवा चकली न्या. आम्ही ताईची थालीपीठं नेली होती आणि रेअरबरोबर ती मांडवातल्या कुठल्याही ताटलीपेक्षा सरस लागली. मेलबर्नहून रेल्वेनं यायचं तर वांगरॅटाला उतरावं लागतं, रदरग्लेनला प्रवासी गाडी येत नाही. पुढच्या बसची वेळ घरूनच बघून निघा.

दाजींनी मंगळवारच्या त्या बाईंकडून रेअरची एक बाटली नेली. भारतात माणशी दोन लिटर नेता येतं, तेव्हा अडचण नव्हती. उघडली तरी ही वाईन आठवड्यांमागून आठवडे टिकते, कपाटात उभी ठेवा, एवढं मी बजावलं होतं. परवा ताईचा फोन आला. बाटली गावातल्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवलीय, बेदाण्याच्या पेट्यांच्या मागे, आणि आठवड्यातून दोनदा दाजी माल तपासायला जातात.