पत्र्याचा सीट-पॅन नायलॉनमध्ये आणताना: माझा अनुभव

काम दिसायला सोपं होतं. छोट्या चारचाकीची पुढची सीट, तिच्या बसायच्या भागाखालचा पॅन. जुना पॅन ०.८ मिलिमीटर सीआरसीए (थंड लाटलेल्या पोलादी) पत्र्याचा, बाजूचे दोन ब्रॅकेट स्पॉट वेल्ड केलेले, सगळं मिळून १.९ किलो. तो ३० टक्के काचतंतू घातलेल्या नायलॉन ६ मध्ये आणायचा आणि वजन ४० टक्क्यांनी उतरवायचं. डिझाइन आणि टूल (म्हणजे मोल्ड) ठाण्यात वागळे इस्टेटला, मोल्डिंग रबाळे एमआयडीसीत.

पहिला हिशेब कोणीही करतो तोच केला. सपाट पत्रा वाकायला जो विरोध करतो तो ताठरपणा गुणिले जाडीचा घन, या प्रमाणात असतो. पोलादाचा मॉड्युलस, म्हणजे ताठरपणाचा आकडा, २१० गिगापास्कल. या नायलॉनचा धरला ६. फरक ३५ पट, त्याचं घनमूळ ३.२७. म्हणजे ०.८ च्या पत्र्याऐवजी २.६ मिलिमीटर जाडी पुरते. एका चौरस मीटरला पत्रा ६.२८ किलो भरतो आणि नायलॉन, घनता १.३६ धरून, साधारण ३.५ किलो. ४३ टक्के बचत कागदावरच झाली.

हा हिशेब फक्त वाकण्यापुरता खरा आहे. पत्रा जिथे ताणला जातो, म्हणजे बाजूच्या भिंती, फ्लँज (काठाची दुमड), बोल्टच्या भोवतीची जागा, तिथे घन वगैरे काही नसतं. तिथे पस्तीसपट फरक पस्तीसपटच राहतो. म्हणून पोलादी नळीची नक्कल प्लास्टिकमध्ये केली की वजन वाढतं. नळी काढून त्या जागी खोल, रुंद पेटीसारखा छेद द्यावा लागतो, आणि तेवढी जागा सीटखाली रेल (सीट ज्यांवर पुढे-मागे सरकते ते रूळ) आणि वायरिंगमधून काढावी लागते. आमचा बराचसा वेळ या जागेच्या भांडणातच गेला.

आता त्या ६ गिगापास्कलबद्दल. पुरवठादाराच्या डेटाशीटमध्ये पहिल्या रकान्यात ९.५ लिहिलेलं असतं. तो कोरड्या, नुकत्याच मोल्डमधून निघालेल्या नमुन्याचा आकडा. शेजारच्या रकान्यात, २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला मुरलेल्या नमुन्याचा, ६.२ असतो. ताणशक्ती १८५ वरून ११५ मेगापास्कलवर येते. नायलॉन पाणी पितं. या ग्रेडमध्ये मुरल्यावर वजनाच्या साधारण २ टक्के पाणी असतं. आणि ५० टक्के आर्द्रता म्हणजे युरोपातली प्रयोगशाळा. ऐरोली-घणसोलीत जुलैत हवा ८५-९० च्या आसपास असते, तेव्हा पॅन त्याहून जास्त पितो. वर मे महिन्यात काचा बंद करून उन्हात उभी केलेली गाडी. कोरडं नायलॉन ६ साधारण ५५-६० अंशांना मऊ पडायला लागतं, ओलं त्याच्या बरंच आधी. डिझाइन करताना ९.५ चा आकडा डोक्यातून काढूनच टाकावा, असं माझं मत आहे. आमच्या पहिल्या गणितात एकाने तोच घातला होता. मधोमध भार दिल्यावर पॅन ५.८ मिलिमीटर खाली जाईल असं उत्तर आलं. ६.२ घातल्यावर ८.९ झालं. मुरवलेला खरा पॅन ९.६ गेला. मर्यादा १० ची होती.

उरलेला ०.७ चा फरक तंतूंच्या दिशेचा. मोल्डमध्ये माल वाहतो तसे काचतंतू वाहण्याच्या दिशेने झोपतात, त्यामुळे त्या दिशेने पॅन ताठ आणि आडवा बराच लवचिक. मोल्डफ्लोमधून (मोल्डमधला प्रवाह दाखवणारं सॉफ्टवेअर) निघालेली दिशा स्ट्रक्चरच्या गणितात चढवली की उत्तर जवळ येतं. ती सोय नसेल तर डेटाशीटचा मुरलेला आकडासुद्धा आणखी कापून वापरावा. नमुना-पट्टीत तंतू एकाच दिशेने असतात, पॅनमध्ये नसतात.

भिंत शेवटी २.५ ठेवली आणि उरलेलं काम रिबवर, म्हणजे खालून दिलेल्या पातळ उभ्या पट्ट्यांवर, सोडलं. पॅन फोमखाली लपलेला असतो, सिंक मार्क (पृष्ठभागावरचा खळगा) कोणाला दिसत नाही, म्हणून रिबची मुळाची जाडी भिंतीच्या ७० टक्क्यांपर्यंत नेता आली: १.८ मिलिमीटर. उंची १८, दोन्ही बाजूंना १ अंश ड्राफ्ट (उतार), टोकाला जेमतेम १.२ उरतात. मुळाशी ०.८ त्रिज्या. त्याहून मोठी केली की मुळाशी पोकळी धरते आणि सायकल लांबते.

रिबबाबत एक गोष्ट नवीन डिझायनर हमखास चुकतात. भार वरून, रिब खालून. म्हणजे रिबचं टोक ताणात. रिब लावली की छेदाचा मध्यअक्ष (जिथे ना ताण ना दाब) पॅनच्या कातडीकडे सरकतो आणि टोक त्यापासून सगळ्यात लांब पडतं. ठेंगणी, अर्धवट रिब लावली तर पॅन थोडा ताठ होतो, पण टोकावरचा ताण बिनरिबच्या पॅनपेक्षाही वाढू शकतो. आमच्या पहिल्या नमुन्यात वायरिंगला वाट म्हणून दोन रिब ६ मिलिमीटरवर कापल्या होत्या. तडा बरोबर तिथेच सुरू झाला. रिब लावायची तर पुरती उंच, टोक गोल, आणि शेवट हवेत न सोडता फ्लँजला किंवा दुसऱ्या रिबला भिडवलेला. पिळासाठी उभ्या-आडव्या जाळीपेक्षा फुलीच्या रिब चांगल्या चालल्या.

सीटबेल्टच्या पट्ट्याचा भार प्लास्टिकवर घ्यायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं होतं. यूएन आर१४ (सीटबेल्टच्या अडकवणीचा नियम) प्रमाणे एम१ गाडीत, म्हणजे प्रवासी कारमध्ये, छातीच्या पट्ट्याला १३,५०० न्यूटन आणि कमरेच्या पट्ट्याला तेवढेच. पट्टा सीटवरच अडकवला असेल तर वर सीटच्या वजनाच्या वीसपट. बक्कलचा ब्रॅकेट म्हणून सरळ पोलादी रेलला नेला. तरी पुढून धडक बसली की माणसाचं ओटीपोट पॅनच्या पुढच्या ओठावर येतंच. तिथे १.२ मिलिमीटरची पोलादी पट्टी मोल्डमध्ये ठेवून वरून नायलॉन ओतलं. प्लास्टिक तडकलं तरी पट्टी वाकून धरून ठेवते, टोकदार तुकडे सुटत नाहीत. सलग तंतूंच्या नायलॉन टेपचा पर्यायही पाहिला. हलका आहे, पण टेप इन्फ्रारेडखाली तापवून काही सेकंदांत मोल्डमध्ये ठेवायला रोबो लागतो. आमच्या संख्येला ते परवडत नव्हतं.

बोल्टने सगळ्यात जास्त रडवलं. पॅन रेलवर चार एम८ बोल्टनी बसतो. ८.८ ग्रेडचा एम८ २५ न्यूटन-मीटरला आवळला की साधारण १६,००० न्यूटन पकड तयार होते. फ्लँज बोल्टचं डोकं १७ व्यासाचं आणि भोक ९ चं धरलं तर खाली १६० चौरस मिलिमीटर जागा, म्हणजे दाब जवळपास १०० मेगापास्कल. मुरलेल्या नायलॉनची ताकदच ११५. ते तुटत नाही, पण हळूहळू खचतं, आणि पकड सुटते. म्हणून बोल्टची पकड प्लास्टिकमधून जाऊच द्यायची नाही: १४ बाहेरचा, ८.५ आतला असा पोलादी स्लीव्ह (छोटी नळी), बाहेरून नर्लिंग केलेला (खरखरीत दाते पाडलेला), बॉसमध्ये (भोकाभोवतीच्या जाड उंचवट्यात) ओतलेला. बोल्टचं डोकं स्लीव्हवर, स्लीव्ह रेलवर, लोखंडावर लोखंड. स्लीव्हभोवती निदान ४ मिलिमीटर नायलॉन, आणि ओतण्याआधी स्लीव्ह १०० अंशांच्या वर तापवलेला. थंड ठेवला तर माल त्याच्यावर चटकन गोठतो आणि आत राहिलेल्या ताणाने काही आठवड्यांनी बॉस उभा तडकतो.

एवढं करूनही पहिल्या लॉटमध्ये टॉर्क उतरला. २५ ला आवळून ८० अंशांच्या ओव्हनमध्ये २४ तास ठेवलं, बाहेर काढून मोजलं, तर काही बोल्ट १४ वर. स्लीव्हची उंची व्हर्नियरने बरोबर. मग स्लीव्हच्या तोंडावरून नख फिरवलं आणि ते अडखळलं. तोंडावर प्लास्टिकची झिल्ली होती, दशांश मिलिमीटरचीही नसेल, कांद्याच्या सालीसारखी, काळ्या रंगामुळे सावलीत दिसत नव्हती. ब्लेडने खरवडली आणि पुन्हा आवळलं, टॉर्क टिकला. कारण साधं: स्लीव्हच्या लांबीत थोडा फरक येतो, आखूड स्लीव्ह आला की कोअर आणि कॅव्हिटी या मोल्डच्या दोन अर्ध्यांच्या मध्ये फट राहते आणि माल आत शिरतो. लांब आला तर टूलच्या तोंडाला खड्डा पडतो. उपाय म्हणून कोअरच्या बाजूची पिन स्प्रिंगवर घेतली. त्यानंतर नखाची तपासणी कंट्रोल प्लॅनमध्येच लिहून टाकली.

दुसरा त्रास वेल्ड लाइनचा, म्हणजे मालाचे दोन प्रवाह जुळतात त्या रेषेचा. भोक आहे तिथे माल दोन बाजूंनी वळून पलीकडे भेटतो, आणि भेटतो तिथे तंतू एकमेकांत न शिरता सीमेला समांतर झोपतात. ३० टक्के काचेत अशा जागी ताकद निम्म्यावर येऊ शकते. आमचा गेट (माल मोल्डमध्ये शिरतो ते तोंड) मध्ये होता, म्हणून मागच्या दोन बॉसच्या वेल्ड लाइन बरोबर बाहेरच्या काठाला पडल्या. ओढ तिथेच येते. यूटीएमवर (ताणून तोडण्याच्या यंत्रावर) तुटलेले तुकडे शेजारी ठेवले की फरक डोळ्यांनी दिसतो. चांगल्या जागी तुटला तर तोंडावर तंतू उपटून उभे राहिलेले असतात, दाढीच्या खुंटांसारखे. वेल्ड लाइनवर तुटला तर तोंड मऊ, मॅट, तंतू आडवे पडलेले. गेट तीन केले, व्हॉल्व्ह गेट, क्रमाने उघडणारे, आणि मागच्या बॉसबाहेर छोटा टॅब दिला. माल भेटल्यावर थांबत नाही, टॅबमध्ये पुढे सरकतो आणि सीमारेषा मोडते. टॅब नंतर कापायचा. कापणीचा खर्च दर नगामागे लागतो म्हणून खरेदी विभाग कुरकुरला. बॉसची जाडी वाढवून हे सुटलं नसतं, भिंतीतली ती रेषा तशीच राहिली असती.

थंड होताना भाग वाकडा होणं अपेक्षित होतंच. प्रवाहाच्या दिशेने आकुंचन ०.३ टक्के, आडवं ०.८. साडेचारशे मिलिमीटरवर १.३५ आणि ३.६. पहिला शॉट तिपाईसारखा बसला, चौथा कोपरा ४ मिलिमीटर वर. तीन गेटनंतर ते दीडवर आलं, उरलेलं टूलमध्येच उलटं वळण देऊन काढलं. ती दुरुस्ती घाईने करू नये. मोल्ड ८० अंशांवर स्थिर असताना किमान पन्नासेक शॉट टाकून, भाग दुसऱ्या दिवशी मोजून मगच स्टीलला हात लावावा. मोल्ड थंड चालवला की भाग लवकर निघतो, पण स्फटिकीभवन अर्धवट राहतं आणि तो नंतर उन्हात आकसतो. गेटजवळचे इन्सर्ट एच१३ स्टीलचे, कडक केलेले घ्यावेत. पी२० स्टीलला काचतंतू झिजवून टाकतात.

मशीन ८५० टनांनी मोल्ड दाबून धरणारं. पॅनचं प्रक्षेपित क्षेत्र १,९०० चौरस सेंटिमीटर, दर चौरस सेंटिमीटरला ०.४ टन धरले तर ७६० टन होतात.

जुलैतल्या ट्रायलला सगळ्या पॅनवर गेटपासून निघणाऱ्या चंदेरी रेघा आल्या, कडांना फ्लॅश (फटीतून निघालेला पातळ माल) आला, आणि दोन नग भाग बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टरनेच तडकले. मी प्रेशर आणि तापमान बघत बसलो होतो. सेटरने नोझल मागे घेऊन माल जमिनीवर सोडला, तो फसफसला. "साहेब, दाणा ओला आहे," एवढंच म्हणाला. तिथे साधा हॉपर ड्रायर होता, बाहेरची हवा गरम करून आत सोडणारा. पावसाळ्यात ती हवाच पाण्याने भरलेली, दाणा ८० अंशांवर सहा तास ठेवला तरी वाळत नाही. वितळताना ते पाणी नायलॉनच्या साखळ्या तोडतं. माल पातळ होतो म्हणून फ्लॅश, आणि साखळ्या आखूड म्हणून ठिसूळपणा. तो नंतर भाग मुरवून परत येत नाही, माल फेकायचाच. डिह्युमिडिफायर ड्रायर, दवबिंदू उणे ३० अंश, ८० अंशांवर चार ते सहा तास, ओलावा ०.२ टक्क्यांच्या खाली मोजून मगच शॉट, असं ठरलं. पिशवी फोडली की अर्ध्या तासात हॉपरमध्ये. रिग्राइंड (दळून परत वापरलेला माल) या भागात शून्य, कारण दळताना तंतू तुटतात.

पीपीमध्ये (पॉलिप्रॉपिलीनमध्ये) लांब काचतंतू हा मार्ग घेतला असता तर हे पाण्याचं प्रकरणच नसतं, हे खरं. वजनही कमी भरतं, घनता ४० टक्के काचेला १.२ च्या आसपास. पण ८० अंशांवर सतत भाराखाली ते जास्त खचतं, आणि स्क्रू, नोझल, गेट रुंद न ठेवले तर १०-१२ मिलिमीटरच्या दाण्यातला लांब तंतू मोल्डमध्ये पोहोचेपर्यंत आखूड होतो. मागच्या सीटच्या पाठीला मी तेच निवडेन. पॅनला नाही.

ज्वलनशीलता आयएस १५०६१ प्रमाणे, मिनिटाला १०० मिलिमीटरची मर्यादा. तिथे काही अडलं नाही.

ताकदीच्या सगळ्या चाचण्या मुरवलेल्या भागांवर घेतल्या, आयएसओ १११० प्रमाणे ७० अंश आणि ६२ टक्के आर्द्रतेत ठेवून. नुसत्या हवेत २.५ मिलिमीटरची भिंत मुरायला महिने लागतात. पाठवायच्या भागांना रोज पाण्यात उकळून काढणारेही पाहिले आहेत. तसं केलं तर बाहेरची कातडी ओली आणि गाभा कोरडा राहतो.

शेवटचं वजन १.२ किलो: नायलॉन १.०२, पट्टी आणि चार स्लीव्ह मिळून ०.१८. बचत ३७ टक्के. ४३ मधले बाकीचे टक्के रिब, फ्लँज आणि लोखंडात गेले. ग्राहकाने ४० ऐवजी ते मान्य केलं, पण असेंब्लीतून वेगळीच तक्रार आली. एप्रिलमध्ये बसणारा पॅन सप्टेंबरमध्ये रेलच्या भोकांवर ओढून बसवावा लागतो. पाणी पिऊन तो लांबीला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास वाढतो. एका स्लीव्हचं रेलमधलं भोक गोल ठेवून बाकीच्या तिघांची लांबट केली, आणि ड्रॉइंगवर मापांशेजारी "मुरवल्यानंतर" असं लिहिलं.