हापूसची पेटी १ रुपयाला

एप्रिलातला सोमवार, सकाळचे साडेआठ, चहाही व्हायचा होता आणि देवगडच्या काकांचा फोन. "अरे, दादरहून एका बाईंचा फोन आलेला, म्हणे तुमची पेटी १ रुपयाला आहे ना, दोन पाठवा. हे काय लावलंय तुम्ही लोकांनी?" मी म्हटलं, कुणीतरी मस्करी करतंय काका. तर त्यांनी स्क्रीनशॉटच पाठवला. गुगलमध्ये त्यांच्याच नावाखाली, हापूस, पाच डझन, १ रुपया.

आधी मागचं थोडं सांगतो. काकांची साइट आम्ही बरीच वर्षं सांभाळतोय. यंदा जानेवारीत त्यांच्या मुलाने ऑनलाइन दुकानासाठी रेडिमेड सॉफ्टवेअर घेतलं, ते जुन्या साइटच्या फोल्डरमध्ये बसेना, म्हणून दुकान 'शॉप' नावाच्या सबडोमेनवर (मुख्य पत्त्याच्या आधी नाव जोडून केलेला उपपत्ता) नेलं. मी तेव्हा कडाडून विरोध केलेला, की सबडोमेन म्हणजे गुगलच्या लेखी वेगळी साइट, इतक्या वर्षांची पत पाण्यात जाईल वगैरे. त्यामुळे मार्चमध्ये ऑर्डरी आटल्या तेव्हा मला (खोटं कशाला बोलू) आतून जरा बरंच वाटलं, बघा मी म्हटलं नव्हतं का! खरं तर सबडोमेन किंवा फोल्डर, दोन्ही चालतं असं गुगलवाले स्वतःच सांगत आलेत, पण ते मी सोयीस्करपणे विसरलो होतो.

त्या सोमवारी पहिल्यांदा नीट खोदायला बसलो. मुख्य साइटची रोबोट्स फाइल (बॉटना, म्हणजे गुगलसाठी पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमना, कुठे यायचं नि कुठे नाही ते सांगणारी) मी आधीच तीनदा बघितली होती, चकाचक. मग डोक्यात आलं की अरे, ही फाइल प्रत्येक सबडोमेनची वेगळी असते, मुख्य साइटचा नियम शॉपला लागूच होत नाही. शॉपची उघडली तर आत दोनच ओळी, सगळ्या बॉटना, सगळं बंद. म्हणजे खऱ्या दुकानाला कुलूप. आणि टेस्टिंगसाठी काढलेलं दुसरं सबडोमेन, ज्यात कुणीतरी डमी किंमत १ रुपया टाकलेली, ते सताड उघडं! फाइली चढवताना अदलाबदल झालेली. लाँचच्या आधी तपासायची यादी माझ्याकडे होती, त्यात हा मुद्दाच नव्हता.

बरं एवढ्यावर भागलं नाही. जुन्या साइटवरची आंब्याची चौदा पानं, ज्यांना बाहेरून लिंका होत्या, ती सगळी ३०१ करून (म्हणजे जुना पत्ता कायमचा नव्याकडे वळवून) शॉपच्या होमपेजवर नेऊन सोडलेली. पेटीच्या पानावर येणारा माणूस होमपेजवर, आमरसाच्या पानावर येणाराही होमपेजवर. असं केलं की गुगल बहुतेकदा ते पान गेलंच असं समजतं, जुन्या लिंकांचा फायदा पुढे जात नाही. आणि मी ज्या ग्राफवर बोट ठेवून भांडत होतो तो सर्च कन्सोलमधला (गुगल शोधातून साइटवर किती क्लिक येतात ते दाखवणारं गुगलचं साधन) फक्त मुख्य साइटच्या पत्त्याचा, शॉपचे क्लिक त्यात मोजलेच जात नव्हते. डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींत) मालकीचा पुरावा म्हणून टीएक्सटी रेकॉर्ड टाकून सबडोमेनसकट अख्ख्या डोमेनची प्रॉपर्टी तिथे जोडली तेव्हा कुठे पूर्ण चित्र दिसलं.

टेस्टिंगचं सबडोमेन घाईघाईत रोबोट्स फाइलने बंद करणार होतो, बोट एंटरवरच होतं. पण तिथे फसगत असते, बॉटला आतच येऊ दिलं नाही तर पानावरचा नोइंडेक्स (हे पान शोधात दाखवू नका, ही सूचना) तो वाचणार कसा, मग आधीच इंडेक्स झालेला (गुगलच्या यादीत गेलेला) पत्ता तसाच लटकत राहू शकतो. म्हणून सरळ पासवर्ड लावला आणि गुगलच्या रिमूव्हल टूलने ती पानं शोधातून लपवली, ते साधारण सहा महिनेच टिकतं पण तेवढ्यात बॉटला पासवर्डची भिंत दिसते आणि पानं आपोआप गळतात. शॉपची फाइल मोकळी केली, चौदा जुन्या पानांना चौदा नवी पानं, एकास एक जोडली, आणि मुख्य साइटच्या मेनूत दुकानाची लिंक घातली, जी (हसू नका) कुठेच नव्हती.

दुपारी काकांना समजावताना सबडोमेन शब्दच काढला नाही. म्हटलं, काका, खऱ्या दुकानाचं शटर खाली होतं आणि मागच्या पडवीचं दार उघडं होतं. काका म्हणाले, "आणि त्या पडवीत १ रुपयाची पाटी कोणी लावली?"

पेट्यांचे शोध हळूहळू परत दिसायला लागले तोवर अक्षय्य तृतीया उलटून गेली होती. दुकान आता फोल्डरमध्ये आणायचं का, असं मुलाने परवा विचारलं. मी म्हटलं राहू दे तिथेच. दादरच्या बाईंना काकांनी दोन पेट्या पाठवल्या, एकीचे पैसे घेतले.